जुनी, बेभरवशाची मोटरसायकल आणि नवशिका चालक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचा हात अजून क्लचवर बसलेला नाही आणि दारात मात्र मनात आलं तरच चालू होणारी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. चालवणं आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या विद्या आहेत. इथे त्या मुद्दाम एकत्र घेतल्या आहेत, कारण अशा गाडीवर त्या एकाच वेळी शिकाव्या लागतात.

पहिलीच गाडी जुनी घ्यावी का?

रोज ठरलेल्या वेळी कुठे पोहोचायचं असेल आणि दुसरं वाहन नसेल, तर घेऊ नका. शिकाऊ माणसाची गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा त्याच्या डाव्या हातामुळे. जुनी गाडी बंद पडते ती तिच्या स्वतःच्या कारणांनी. ही दोन्ही एकत्र आली की नेमकं काय बिघडलं तेच कळत नाही, आणि चूक हाताची असताना कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) उघडला जातो. त्यापेक्षा क्लच सोडणं, गिअर बदलणं, चढावर गाडी उचलणं आणि अचानक ब्रेक मारून सरळ थांबणं एवढं आधी कोणाच्या तरी धड गाडीवर पक्कं करा. मग जुनी गाडी घ्या, हवी तितकी जुनी.

वेळेचं बंधन नसेल, हात काळे करायची हौस असेल आणि गाडी दोन आठवडे उभी राहिली तरी काही अडणार नसेल, तर मात्र जुन्या गाडीसारखी शाळा नाही. तिच्यातलं सगळं उघडं असतं, हाताला लागतं आणि कानाला ऐकू येतं.

‘जुनी’ म्हणजे नेमकी किती जुनी?

वर्षांपेक्षा ठिणगी आणि पेट्रोल कुठून येतं ते बघा. सर्वांत जुन्या पिढीत ठिणगी पॉइंट (ठरल्या क्षणी उघडून वीज तोडणारे छोटे संपर्क) आणि त्यांच्या जोडीच्या कंडेन्सरमधून येते, पेट्रोल कार्बोरेटरमधून, आणि पुढे-मागे ड्रम ब्रेक असतात. त्यानंतरच्या गाड्यांत पॉइंट गेले आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, कार्बोरेटर राहिला. होंडाच्या सीबी ७५० या गाडीत १९६९ मध्येच पुढे डिस्क ब्रेक आणि सेल्फ स्टार्ट होता, पण साध्या गाड्यांपर्यंत या गोष्टी यायला पुढे बरीच वर्षं गेली. इथली उत्तरं मुख्यतः कार्बोरेटरवाल्या गाड्यांची आहेत. फ्युएल इंजेक्शनची गाडी जुनी झाली तरी तिचे आजार वेगळे असतात, आणि ते पाना-पकडीने बरे होत नाहीत.

घ्यायला जाताना काय बघू?

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर पहिला हात इंजिनला लावा. गरम लागलं तर त्याने काहीतरी झाकलंय असं धरून चाला. थंड इंजिन किती किकमध्ये चालू होतं, हीच खरी परीक्षा.

किक हाताने हळू दाबून बघा. एका ठिकाणी ती चांगली अडली पाहिजे. कुठेच न अडता मऊ खाली गेली, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं आहे. म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगा, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) किंवा व्हॉल्व्हचा. (डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे हा दाब मोकळा करणारा, लिव्हर असलेल्या गाडीत तो दाबलेला नाही ना, हे बघून मग निकाल द्या.) गाडी चालू झाल्यावर धूर बघा. फोर-स्ट्रोक गाडी निळा धूर सोडत असेल तर ती तेल खातेय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. थंड हवेत सुरुवातीला पांढरी वाफ दिसून विरली तर काळजी नाही. टू-स्ट्रोक तेल जाळतच चालते, तिचा थोडा निळा धूर हा गुन्हा नव्हे.

टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. आत तांबूस गंज दिसला तर पुढची कित्येक दुखणी तिथूनच येणार. पुढचं चाक उचलून हँडल डावीकडून उजवीकडे फिरवा; मधोमध खाच असल्यासारखं अडलं तर हँडलचे बेअरिंग गेले. फ्रेमवर वेल्डिंगचे नवे टाके दिसले तर कारण विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर निघा. फ्रेम आणि इंजिनचे नंबर कागदांशी जुळवा. तेवढं जुळलं नाही तर गाडी कितीही गोड वाजत असली तरी घेऊ नका, कारण या एका गोष्टीची दुरुस्ती कोणत्याच गॅरेजमध्ये होत नाही.

आणि जायच्या आधीच शोधून ठेवा की त्या मॉडेलच्या क्लच प्लेटा, केबली, ब्रेक लायनर (ब्रेकमधले घासणारे पट्टे) आणि गॅस्केट मिळतात का. दुर्मीळ गाडी बघायला देखणी असते. पण तिची एक केबल तुटली की ती फक्त बघायलाच उरते.

‘फक्त कार्बोरेटर साफ करायचाय, बाकी गाडी एकदम ओके’ असं विकणारा सांगतो. खरं असेल?

कार्बोरेटर साफ करणं हे एका दुपारचं काम आहे. ते करून त्याला जास्त भाव मिळाला असता. मग त्याने ते केलं का नाही, हा प्रश्न विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

गाडी घरी आली. पहिलं काम कोणतं?

सगळ्यांना इंजिन उघडायचं असतं. ते नंतर.

बेभरवशाचे दोन प्रकार असतात. गाडी चालू होत नाही, हा त्रास आहे. गाडी थांबत नाही किंवा वळणावर धरत नाही, हा धोका आहे. पहिल्या प्रकारासोबत वर्षानुवर्षं सुखाने नांदता येतं, दुसऱ्यासोबत एक दिवसही काढू नये. म्हणून सुरुवात टायर, ब्रेक, केबली, चेन आणि चाकांच्या बेअरिंगपासून.

टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. शिक्का तीनच आकडी असेल तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, म्हणजे तो शोभेचा. जुन्या गाड्यांच्या टायरची नक्षी पुष्कळदा नव्यासारखी दिसते, कारण गाडी उभीच होती. पण रबर कडक होऊन कडांना बारीक भेगा गेलेल्या असतात. असा टायर ओल्या रस्त्यावर काहीच धरत नाही. नवशिक्याने या एका ठिकाणी अजिबात काटकसर करू नये.

ड्रम ब्रेकची केबल ओढल्यावर ब्रेकचा आर्म आणि केबल यांच्यात साधारण काटकोन झाला पाहिजे. आर्म त्याच्या फार पुढे जात असेल तर लायनर झिजलेत, आणि तुम्ही जोर लावाल तेवढा वाया जाईल. ड्रम उघडलात तर आतली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाऊ नये. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. डिस्क ब्रेक असेल तर त्याचं ऑईल बदला. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि मागच्या मालकाने ते बदललं असेल या भरवशावर राहू नये.

क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली दोन्ही टोकांना तपासा. आतल्या तारेचा एक जरी धागा तुटून उभा राहिलेला दिसला तर नवी टाका. ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो स्वतःहून, खटकन, पूर्ण बंद झाला पाहिजे, आणि हँडल दोन्ही टोकांना वळवलेलं असतानाही. चेन खालच्या बाजूला मधोमध साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी, पण चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. ती जिथे सर्वांत घट्ट असेल तिथला ढिलेपणा धरायचा.

एवढं झालं की इंजिन ऑईल बदला. जुन्या ऑईलला पेट्रोलचा वास आला तर तो निरोप समजा: कार्बोरेटरची फ्लोट नीडल (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई) गळतेय आणि गाडी उभी असताना पेट्रोल आत झिरपतंय. ती नीट करेपर्यंत गाडी लावली की पेट्रोलचा कॉक बंद, ही सवय लावून घ्या.

किक उलट मारते. पाय मोडेल का?

घोट्याला आणि गुडघ्याला चांगली इजा होऊ शकते, विशेषतः मोठ्या सिंगल सिलिंडरच्या गाडीवर. कारण समजलं की भीती निम्मी होते. ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडी आधी पडते. इंजिन वेगात असताना ते बरोबर असतं, पिस्टन त्या झोकात पुढे निघून जातो. तुम्ही अर्धवट, घाबरत किक मारली की पिस्टन हळू वर येतो, स्फोट आधीच होतो आणि तो पिस्टनला उलटा ढकलतो. म्हणजे भिऊन मारलेली किकच सर्वांत जास्त लागते.

पद्धत अशी. गाडी मेन स्टँडवर घ्या. किक हळू दाबत न्या, अडली की थांबा. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढून किक अगदी थोडी, तो अडथळा ओलांडेल एवढीच, पुढे सरकवा. लिव्हर सोडा. किक पूर्ण वर येऊ द्या. आता एकच, लांब, शेवटपर्यंत जाणारी किक. मारताना गुडघा ताठ नको, पायात टाच झाकणारा बूट हवा, चप्पल तर नकोच. काही जुन्या गाड्यांना हँडलजवळ अमीटर (बॅटरी भरतेय की खर्च होतेय ते दाखवणारा काटा) असतो. इग्निशन चालू करून किक हळू दाबताना काटा डिस्चार्जकडून मध्यावर आला की पॉइंट उघडले, म्हणजे तुम्ही बरोबर जागी आहात. नव्या माणसाला ही जागा पायाला कळायला वेळ लागतो, डोळ्याला लगेच कळते.

सगळं नीट करूनही दर वेळी उलट मारत असेल तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फार आधीचं लागलंय. ते लावून घ्या, पायावर प्रयोग नकोत.

चालूच होत नाही. कुठून सुरुवात करू?

आधी लाज वाटेल अशा गोष्टी बघा: किल स्विच, पेट्रोल कॉक, टाकीत पेट्रोल आहे का, चोक. अनुभवी माणसंही किल स्विच विसरून घाम गाळतात. तेवढं बघून झाल्यावर एक एक रस्ता बंद करत जायचं.

दहा-बारा किक मारून झाल्यावर प्लग काढा. तो ओला आहे की कोरडा, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून भांड्यात पेट्रोल येतं का बघा. धार बारीक होत थांबली, तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. झाकण उघडल्यावर धार आली म्हणजे झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. धार चांगली येत असूनही प्लग कोरडा असेल तर जेटमध्ये (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) कचरा आहे.

ओला असेल तर पेट्रोल आहे, ठिणगी नाही. किंवा तुम्ही चोक देऊन देऊन इंजिन बुडवलंय. कॉक बंद करा, चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि प्लग बाहेर ठेवून काही किक मारा, म्हणजे आतलं पेट्रोल उडून जाईल. हे करताना इग्निशन बंद हवं. मग थोडं थांबून, बाजूचं पेट्रोल पुसून, वास गेल्यावर ठिणगी तपासा: प्लग कॅपमध्ये लावून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा, भोकापासून लांब, आणि किक मारा. प्लग हातात धरू नका. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर नवा प्लग लावून बघा, मग पॉइंट. पॉइंटमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या आसपास असतं आणि प्लगचं ०.६ ते ०.७, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच अंतिम. पॉइंटवर तेलाचा पातळ थर आला तरी ठिणगी जाते, आणि कोरा कागद त्यात धरून ओढला तरी ती परत येते.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे आणि तरीही नाही? मग कॉम्प्रेशन किंवा टायमिंग. इथे नवशिक्याने थांबून मेकॅनिक गाठावा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, पॉइंट आणि जेट एकदम बदलून गाडी चालू झाली, तर तुम्हाला गाडी मिळाली पण कारण मिळालं नाही, आणि पुढच्या वेळी तीच कसरत पहिल्यापासून.

गरम झाली की बंद पडते, पंधरा मिनिटांनी काही न झाल्यासारखी चालू होते. हे काय?

जुन्या गाड्यांचं हे सर्वांत चकवणारं दुखणं, कारण मेकॅनिकपर्यंत जाईतो गाडी थंड होते आणि त्याच्यासमोर गुणी बाळासारखी वागते. संशयित तीन. झाकणाचं बुजलेलं भोक: टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल खाली येत नाही, तुम्ही थांबता तेवढ्यात हवा आत झिरपते. कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) किंवा कंडेन्सर: तापल्यावर आतलं इन्शुलेशन हार मानतं. आणि व्हॉल्व्हची फट फार कमी असणं: इंजिन तापून पसरलं की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

ओळखायचं रस्त्यावरच, गाडी गरम असताना. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येऊन गाडी लगेच चालू झाली तर चोर सापडला. नाही झाली तर त्याच क्षणी प्लग काढून ठिणगी बघा (पाना आणि जाड फडकं जवळ हवं, प्लग भाजतो). ठिणगी नसेल तर कॉइल-कंडेन्सर. ठिणगी असून किक मऊ लागत असेल तर व्हॉल्व्ह.

चुकतोय कोण, मी की गाडी?

इतर सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हाच असतो. नवा माणूस एक तर सगळा दोष स्वतःवर घेतो, नाहीतर सगळा गाडीवर टाकतो. दोन्हीत शिकणं थांबतं.

पहिली कसोटी: गाडी तुमच्या हाताची काहीही हालचाल होत नसताना बंद पडते का? सिग्नलला क्लच पूर्ण ओढून उभे आहात, ॲक्सिलरेटरला हात नाही, आणि इंजिन मंद होत होत मेलं, तर तो गाडीचा दोष: स्लो रनिंग (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) कमी आहे किंवा पायलट जेट (त्या वेळी पेट्रोल देणारं जेट) बुजलंय. उलट, निघताना क्लच सुटण्याच्या क्षणी झटका देऊन बंद पडली, तर बहुधा तुम्ही.

‘बहुधा’ म्हणायचं कारण क्लच स्वतःच चिकटत असू शकतो. पहिला गिअर टाकताना गाडी पुढे उडी मारते? उभ्या गाडीत न्यूट्रल सापडतच नाही, पण इंजिन बंद केलं की लगेच सापडतो? क्लच ओढूनही गाडी पुढे रांगते? मग प्लेटा चिकटल्यात किंवा केबल सैल आहे. गाडी बरेच दिवस उभी असेल तर पुष्कळ जुन्या गाड्यांत, जिथे किक क्लचमधून फिरते, इंजिन बंद ठेवून क्लच ओढून चार-पाच किक मारल्या की प्लेटा सुटतात. हे रोज सकाळी केलं तरी चालतं. कित्येक नवे चालक महिनाभर स्वतःला नालायक समजत असतात आणि प्रत्यक्षात केबल दोन मिलिमीटर सैल असते.

दुसरी कसोटी: जाणत्या माणसाला तीच गाडी त्याच रस्त्यावर चालवायला द्या, आणि आधी काही सांगू नका. त्याच्याकडेही तिथेच तसंच झालं तर गाडी. त्याच्या हातात ती सुरळीत चालली तर लगेच खजील होऊ नका. तो नकळत सांभाळून घेत असतो, थांबताना जरा रेस देतो, गिअर जरा उशिरा टाकतो. त्याला विचारा, काय काय सांभाळलंस? त्या उत्तरात तुमच्या चुका आणि गाडीचे दोष दोन्ही मिळतील.

तिसरी म्हणजे वही. बंद पडली तेव्हा इंजिन गरम होतं की थंड, टाकी किती भरलेली, चढ होता की सपाट, पाऊस होता का, कोणता गिअर. चार ओळी पुरेत. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच त्रास होतो किंवा पावसातच होतो, हे आठवणीतून कधी उमगत नाही. वहीत तीन नोंदी एकाखाली एक आल्या की दिसतं.

भर रस्त्यात, गाड्यांच्या मध्येच बंद पडली तर?

सगळ्यात आधी क्लच ओढा. विचार न करता. क्लच ओढला की चाक मोकळं होतं आणि हाताशी उरलेला वेग तुमचा राहतो. टू-स्ट्रोक इंजिन सीझ झालं तर मागचं चाक तिथल्या तिथे जखडू शकतं, तिथे ही एक हालचाल पडण्यापासून वाचवते. मग इंडिकेटर, मागे एक नजर, आणि त्या वेगावर कडेला. किक मारायचा मोह कडेला पोहोचेपर्यंत आवरा. रस्त्याच्या मधोमध उभं राहून किका मारणारा माणूस मागच्या गाडीला उशिरा दिसतो. वळणात असाल तर क्लच ओढून वाकलेली गाडी तशीच वळू द्या, घाबरून पुढचा ब्रेक आवळू नका.

गचके देत, धापा टाकत मंदावली तर पेट्रोल संपत आलं असेल. कॉकच्या आत दोन तोंडं असतात, एक उंचावर, एक तळाशी. रिझर्व्ह म्हणजे फक्त तळाचं तोंड. हा कॉक न बघता, हातमोजा घालून, चालत्या गाडीवर फिरवता आला पाहिजे. त्याची सवय मोकळ्या मैदानात करा. तिथेच मुद्दाम किल स्विच दाबून, क्लच ओढून, सरळ रेषेत कडेला थांबायचाही सराव करा, कंटाळा येईपर्यंत.

आणखी एक: जुन्या गाड्यांत साइड स्टँड खाली असताना इंजिन बंद करणारा स्विच नसतो. कडेला थांबून, किक मारून, घाईत निघालात की स्टँड खालीच राहतो आणि पहिल्या डाव्या वळणावर रस्त्याला टेकतो.

ब्रेक लागतात, पण गाडी थांबत नाही. जुन्या गाड्या अशाच असतात का?

थोड्याफार. चांगला लावलेला ड्रम ब्रेकसुद्धा आजच्या डिस्कइतका पटकन धरत नाही, लांब उतारावर तापला की आणखी ढिला पडतो, आणि पाणी गेलं की काही वेळ लागतच नाही. एबीएस तर नाहीच. पण ‘जुनी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देण्याआधी लायनर आणि केबल तपासा, कारण निम्म्या वेळा दोष वयाचा नसतो, दुर्लक्षाचा असतो.

नवशिक्यांची दुसरी अडचण म्हणजे पुढच्या ब्रेकची भीती. ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकावर जातं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता पाय दाबून थांबणारा माणूस जुन्या गाडीवर फार लांब जाऊन थांबतो. दोन्ही एकत्र, पुढचा हळूहळू आवळत. आणि पुढच्या वाहनापासून तुम्हाला पुरेसं वाटतं त्याच्या दुप्पट अंतर.

गिअर उजव्या पायाला आहेत. सवय होईल?

होईल, अडचण घाबरल्यावरची आहे. संकटात पाय जुनी सवय उचलतो आणि ब्रेकच्या जागी गिअर दाबतो. दुसऱ्या एखाद्या गाडीवर डाव्या गिअरची सवय असेल तर सुरुवातीचे आठवडे दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवू नका.

हेडलाइट मिणमिणतो.

६ व्होल्टच्या गाडीत तो नवीन असतानाही मिणमिणतच होता. १२ व्होल्टच्या गाडीत मल्टिमीटर लावा: विसावलेली, भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिनला रेस दिल्यावर १४ च्या आसपास. रेस देऊनही आकडा वर जात नसेल तर चार्जिंग नाही. जातोय आणि तरी उजेड नाही, तर अर्थिंगचे (वायर फ्रेमला जोडलेली असते तिथले) गंजलेले सांधे घासून काढा. जुन्या गाड्यांचे निम्मे विजेचे आजार तिथेच असतात. बॅटरी बदलताना धन टोक फ्रेमला जोडलंय की ऋण, ते आधी बघा. काही जुन्या गाड्यांत धन टोक अर्थ केलेलं असतं.

उजेड सुधारेपर्यंत अंधारात चालवू नका. याला पर्याय नाही.

सोबत काय ठेवू?

प्लग पाना आणि नवा प्लग, त्याच गाडीला बसणारे दोन-तीन पाने, पेचकस, पक्कड, फ्यूज, बारीक तार, चिकटपट्टी, कोरा कागद, फडकं, टॉर्च. क्लचची जास्तीची केबल जुन्या केबलच्या कडेनेच घालून बांधून ठेवतात काही जण. तुटली की फक्त टोकं बदलायची. उत्तम युक्ती. चेनची जोडकडी विसरू नका.

मेकॅनिकशी कसं बोलू? तो म्हणतो इंजिनचं काम काढावं लागेल.

त्याला निदान सांगू नका, लक्षणं सांगा. ‘कार्बोरेटर साफ करा’ म्हणालात तर तो कार्बोरेटर साफ करेल आणि पैसे घेईल, दुखणं तसंच. ‘तिसऱ्या गिअरला अर्ध्या रेसच्या पुढे मिसिंग मारते, गरम झाल्यावरच’ असं म्हणालात तर तो विचार करू लागतो. बोअर-पिस्टनचं काम सांगितलं तर आधी कॉम्प्रेशन मोजून दाखवायला सांगा आणि काढलेले जुने भाग परत मागा. जुन्या गाड्यांवर प्रेम असलेला, थोडा तिरसट, तारीख न पाळणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला जपा. गोड बोलणारा आणि सगळं बदलून टाकणारा नको.

पेट्रोलचं काही वेगळं बघावं लागतं का?

हो. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं, त्यातला चटकन पेटणारा भाग उडून जातो आणि उरलेलं जेटमध्ये चिकट थर धरतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, सील फुगवतं किंवा चिरतं. म्हणून जुन्या नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा.

टू-स्ट्रोक असेल तर ऑईलचं प्रमाण पुस्तकातलंच घ्या, ते गाडीगणिक २०:१ पासून ५०:१ पर्यंत बदलतं. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायच्या गाडीवर लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून घरंगळू नका. पेट्रोल बंद म्हणजे ऑईलही बंद, आणि इंजिन मात्र फिरतंय. मधूनमधून थोडी रेस द्यायची.

मागे कोणाला बसवू का?

एवढ्यात नको. ब्रेकचं अंतर वाढतं, क्लचचा अंदाज बदलतो, आणि बंद पडलेली गाडी दोघांच्या वजनासह सावरावी लागते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर गाडीचा जुनेपणा जातो का?

बाहेरून काही दिसत नाही, आणि पॉइंटचं अंतर पुन्हा पुन्हा लावण्याची कटकट जाते. चालवण्यासाठी गाडी घेतली असेल तर बसवा, प्रदर्शनात ठेवायची असेल तर नको. मात्र पहिल्या दिवशी नाही. आधी गाडी आहे त्या पॉइंटवर नीट चालू द्या, म्हणजे नवं किट बसवल्यावर काही बिघडलं तर ते किटमुळे हे कळेल. बॅटरी अशक्त असेल तर आधी ती बदला, कारण व्होल्टेज पडलं की काही किट ठिणगीच देत नाहीत, आणि तिथे पॉइंट मात्र कशीबशी देत राहतात. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर बसवायच्या स्क्रूंसकट डबीत घालून सीटखाली ठेवा. लांबवर किट गेलं तर तेच घरी आणतील.